किसनबाबांच्या पाच पट्ट्या

माझ्या नोकरीची तीस वर्षं दुसऱ्यांच्या थुंकीत गेली. वाचायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. रिसोड भागातल्या एका आरोग्य केंद्रात मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ होतो. म्हणजे डॉक्टर ज्याला ‘तपासून आणा’ म्हणतात, ते तपासून देणारा. टीबीची थुंकी, मलेरियाचं रक्त, गरोदर बायांची लघवी. बाजारात लोक मला ‘थुंकीसाहेब’ म्हणत. मला राग येत नसे, कारण त्याच लोकांची औषधं माझ्या एका शब्दावर सुरू होत आणि बंद होत. काचपट्टीवरचा जंतू ओळखण्यात तालुक्यात आपला हात कोणी धरणार नाही, अशी घमेंड मला होती. थोडी अजूनही आहे. म्हणून किसनबाबांची ही गोष्ट लिहिताना लाज जास्त वाटते. जे दिसायला हवं होतं ते मला दिसलं होतं.

माझ्या निवृत्तीला दोनेक वर्षं उरली असतील. कोरोना ओसरला होता, लोक मास्क विसरले होते, आणि वरून एक नवं काम आलं. काही घरं निवडायची आणि त्या घरांनी दर पंधरा दिवसांनी आपली तपासणी आपणच करायची. प्रत्येक माणसाला एक किट. त्यात कापसाची काडी, थोड्याशा पाण्याची नळी आणि प्लास्टिकची पट्टी. काडी दोन्ही नाकपुड्यांत फिरवायची, नळीतल्या पाण्यात बुडवून पिळायची, त्या पाण्याचे चार थेंब पट्टीच्या खिडकीत टाकायचे आणि पंधरा मिनिटं थांबायचं. वरची रेघ उमटली की पट्टी चांगली आहे. तिच्या खाली दुसरी रेघ आली तर कोरोना, तिसरी आली तर फ्लू. खाली काही नाही उमटलं तर माणूस मोकळा. मग पट्टीवर नाव चिकटवून सगळं पिशवीत घालायचं आणि गुरुवारी अंगणवाडीच्या पेटीत टाकायचं. शुक्रवारी पेटी माझ्या टेबलावर.

हे सगळं कशासाठी, तर गावात कोणता ताप फिरतोय हे आधी कळावं म्हणून. दवाखान्यात येणाऱ्या माणसावरून ते कळत नाही. तो येतो तोवर घरातल्या चौघांना देऊन आलेला असतो. त्यासाठी बरी माणसंसुद्धा तपासावी लागतात, आणि आमच्याकडे नेमकं तेच कोणाला पटत नव्हतं.

आमच्या केंद्रापासून थोडी आत एक वस्ती आहे. तिथल्या समाजमंदिरात आम्ही किट वाटायला गेलो, मी आणि आशाताई रेखा. रेखा मोठ्या गावात राहते, वस्ती तिच्याकडेच. पहिल्याच बाईनं मला धरलं.

“बरा माणूस कायले तपासता, साहेब? आजाऱ्याले तपासा ना.”

मी समजावलं. दुसरीनं विचारलं, “काडी मेंदूपर्यंत तं नाही जात?” तेही समजावलं. ऊन वर आलं होतं, अजून दोन गावं बाकी होती आणि माझे गुडघे मांडी घालून बसायला तेव्हाच कुरकुर करत होते.

पुढच्याच रांगेत किसनबाबा बसले होते. सत्तरीपुढचे, सडपातळ, डोक्याला मळका फेटा. हातात तपकिरीची डबी. चिमूट घ्यायचे, दोन्ही नाकपुड्यांत भरायचे, डोळे मिटायचे. मी म्हणालो, “बाबा, तुमच्या नाकात काडी शिरायले जागा ठेवा.” लोक हसले, तेही हसले. घरात पाच माणसं. स्वतः बाबा, मुलगा गजानन, सून, नऊ-दहा वर्षांची नात आणि धाकटा नातू. रेखानं पाच नावं लिहून घेतली आणि किटचा मोठा खोका त्यांच्यापुढे ठेवला. उन्हाळ्यापर्यंत पुरेल इतका.

उठता उठता मी एक वाक्य बोललो. सगळ्या गावांत बोलत होतो, तिथेही बोललो. “लागोपाठ दोन खेपा पट्टी आली नाही, तर घर यादीतून कमी होईल, सांगून ठेवतो.”

किसनबाबांनी डबी बंद केली. “कोणत्या यादीतून, भाऊ?”

“यादीतून म्हणजे यादीतून, बाबा. पट्ट्या देत जा, मंग काही टेन्शन नाही.”

कागदावर तसंच लिहिलं होतं. घर कमी होईल, म्हणजे त्याच्या जागी दुसरं घर घेऊ. त्यात कोणाचं काहीही जाणार नव्हतं. पण ते दुसरं वाक्य मी बोललो नाही. सरकारी माणसाला अर्धं वाक्य बोलायची सवय असते. उरलेलं अर्धं लोक आपापल्या भीतीतून भरून घेतात, आणि त्यामुळे कामं होतात हे आम्हाला पक्कं माहीत असतं. ज्या वस्तीत माणूस चार महिने बाहेर गेला, अंगठा लागला नाही, म्हणून कोणाचं ना कोणाचं रेशन थांबलेलं आहे, तिथे ‘यादी’ हा शब्द असा मोकळा टाकू नये. तीस वर्षं त्याच भागात काढलेल्या माणसाला हे कळायला पाहिजे होतं.

पहिले दोन महिने गमतीत गेले, खोटं कशाला बोलू. एका घरानं पट्ट्या पापडासारख्या सुपात घालून दिवसभर उन्हात वाळवल्या आणि मग आणून दिल्या. उन्हात तापलेल्या पट्टीवर काहीबाही रेघा उमटतात, त्या धरायच्या नसतात. त्या सुपातल्या पट्ट्यांवर जगातले सगळे रोग होते. एका घरी मुलीला बघायला पाहुणे येणार होते. तिची आई म्हणाली, “पाहुणे येऊन जाऊ द्या, मंग तपासतो. त्याच्याआधी नाकात काडी घालून अपशकुन कायले करता?” ते स्थळ जमलं आणि पट्टीही स्वच्छ आली. पुढे ती बाई मलाच शुभ मानायला लागली.

शिरपूरला एक किराणावाले शेठ होते, जैन, सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही तोंडात न घेणारे. त्यांनी किटमधला कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. “ह्या पाण्यात कोण्या जीवाचं काही नाही ना?” मी म्हणालो, मला ठाऊक आहे तेवढं तर नाही, आणि हे पाणी पोटात जायचंच नाही. ते म्हणाले, “पण काडी फिरवताना घशात उतरल्यासारखं वाटलं तं?” शेवटी त्यांनीच मार्ग काढला. दिवस असतानाच, दुकानामागच्या खोलीत, घड्याळ समोर ठेवून. त्यांच्या घरच्या प्रत्येक पट्टीवर थेंब टाकल्याची आणि वाचल्याची वेळ मिनिटासकट लिहिलेली असे. सगळी घरं त्या शेठसारखी असती तर मी आज वेगळं काही लिहीत बसलो असतो.

त्यांच्याखालोखाल वक्तशीर घर एकच, किसनबाबांचं. दर खेपेच्या गुरुवारी पिशवी पेटीत हजर. पाच पट्ट्या, प्रत्येकीवर वहीच्या कागदाची चिठ्ठी, पेन्सिलीनं लिहिलेलं नाव. अक्षर नातीचं, गोल आणि मोठं.

सोयाबीन निघालं, दिवाळी झाली आणि वस्ती नेहमीसारखी रिकामी झाली. माणसं ऊसतोडीला गेली, पोरंबाळं घेऊन. गेलेल्या घरांवर आम्ही ‘स्थलांतरित’ असा शेरा मारत होतो आणि त्यांच्या जागी दुसरी घरं घेत होतो. रेखाला मी विचारलं, किसनबाबांचं घर?

“गजानन यंदा गेला नसन, सर. पाचीच्या पाची पट्ट्या येऊन राह्यल्या ना.”

“तू जाऊन पाहिलंस?”

“पिशवी तं भरून येते. जाऊन काय पाहू?”

मी मान डोलावली. चिठ्ठ्यांवर पोरीचं अक्षर होतं, म्हणजे पोर घरीच असणार.

आता जे दिसलं ते सांगतो. पट्टीच्या खिडकीत थेंब टाकतात, तिथला कागद पांढरा असतो. दिवाळीनंतर त्या घरच्या पाचही पट्ट्यांच्या खिडकीत काळपट, मातकट डाग होता. तपकीर. नाकात तपकीर भरलेली असली की ती काडीला लागते, पाण्यात उतरते आणि खिडकीत दिसते. एका पट्टीवर तो डाग असणं ठीक होतं. पण नातीच्या चिठ्ठीच्या पट्टीवर, सुनेच्या पट्टीवर, नातवाच्या पट्टीवर, सगळ्यांवर तोच डाग. ज्यानं तीस वर्षं डाग बघून पोट भरलं, त्याला हे कळायला किती वेळ लागतो? मला एका क्षणात कळलं. दुसऱ्या क्षणी मी स्वतःला सांगितलं, चुलीचा धूर असेल, धूळ असेल, म्हाताऱ्याच्या हाताला लागलेली तपकीर असेल.

असं का केलं, तेही सांगतो. तालुक्याच्या बैठकीत प्रत्येक केंद्राचा तक्ता भिंतीवर लावत. पट्टी आली की चौकोन भरायचा, नाही आली की मोकळा. आमच्या तक्त्यात मोकळा चौकोन जवळपास नव्हता. साहेबांनी सगळ्यांपुढे मला उभं केलं होतं, टाळ्याही वाजल्या. निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला टाळ्या फार लागतात. किसनबाबांच्या घरी एक चक्कर मारली असती, तर चार चौकोन मोकळे झाले असते. मी चक्कर मारली नाही.

पौषात थंडी कडक पडली आणि आमच्या पट्ट्यांवर तिसरी रेघ दिसायला लागली. आधी एका गावात, मग तीन गावांत. ज्या कामासाठी ही खटपट केली ते होत होतं. दवाखान्यात गर्दी व्हायच्या आधी ताप आम्हाला दिसला होता. वरून नियम आला. रेघ आलेल्या घरी म्हातारं माणूस एकटं असेल, तर त्याच दिवशी जायचं. घरात करती माणसं असतील, तर फोन करायचा, काय जपायचं ते सांगायचं आणि सवडीनं जायचं. नियम वाईट नव्हता. आम्ही दोन माणसं आणि एक गाडी, दुसरं करणार काय?

त्या शुक्रवारी किसनबाबांच्या घरची पिशवी उघडली. चार पट्ट्या होत्या. गजानन, सून, नात, नातू. चौघांनाही फ्लू, आणि चारही रेघा सारख्याच ठसठशीत. चार माणसांच्या रेघा सारख्या कधी येत नाहीत, कोणाची फिकी, कोणाची गडद असते. खिडकीत तोच काळपट डाग. पाचवी पट्टी, किसनबाबांची, नव्हतीच. मी वहीत लिहिलं, चौघे बाधित, एकाचा नमुना नाही.

फोन लावला. घरात एकच फोन, गजाननचा. संपर्क क्षेत्राबाहेर. रेखा तालुक्याला प्रशिक्षणात होती. मी स्वतःला म्हणालो, करती माणसं आहेत घरात, म्हाताऱ्याला बघतील. शनिवारी गाडी घेऊन दुसऱ्या टोकाच्या गावी गेलो. तिथे एक आजी एकटी राहत होती, तिच्या पट्टीवर तिसरी रेघ होती, अगदी पुसट. आजी अंगणात गोवऱ्या थापत होती. तिनं मला चहा पाजला आणि वर सुनावलं, “मले काय धाड भरली? तूच थकेल दिसून राह्यला.” मध्ये रविवार आला.

सोमवारी वस्तीवर गेलो. किसनबाबांच्या ओळीतली सगळी दारं कुलपात. त्यांचं दार नुसतं लोटलेलं. आत बाजेवर ते दोन गोधड्यांखाली पडले होते, आणि श्वासाचा आवाज दारापर्यंत येत होता. चूल थंड होती. मडक्यात तळाशी थोडं पाणी.

मी ओरडलोच. “बाबा, बाकीचे कुठं आहेत?”

त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं आणि उठायला गेले. “वावरात गेले, भाऊ. आत्ताच गेले. सगळे बरे हायेत.”

“बाबा, अहो चूल पेटलेली नाही.”

“वावरातच खातीन.”

श्वास पुरत नव्हता, पण त्यांनी खोटं सोडलं नाही. भिंतीतल्या फळीवर किटचा खोका होता आणि त्याच्या शेजारी चिठ्ठ्यांचे पाच गठ्ठे, दोऱ्यानं बांधलेले. जाण्याआधी नातीनं बसून प्रत्येकाच्या नावाच्या चिठ्ठ्या लिहून ठेवल्या होत्या, होळीला परत येईपर्यंत पुरतील एवढ्या. बाबांना वाचता येत नव्हतं. प्रत्येक गठ्ठ्यातली एक घ्यायची, एका पट्टीला लावायची. पाच वेळा काडी, एकच नाक. आणि दर खेपेला अंगणवाडीपर्यंत पायी. त्या गुरुवारीसुद्धा, अंगात ताप घेऊन, ते पायीच गेले होते.

गठ्ठ्यांजवळ एक किट न फोडलेलं पडलं होतं. माझी नजर तिकडे गेलेली त्यांनी पाहिली.

“माही राह्यली, भाऊ. पोराइचं पह्यले करून टाकलं. मंग नाक लय दुखून राह्यलं होतं, म्हनून माही राह्यली. आज देतो. नाव तं नाही ना कमी केलं?”

मी ते किट फोडलं आणि माझ्या हातानं त्यांच्या नाकात काडी फिरवली. तपासायची काही गरज नव्हती, डोळ्यांना दिसत होतं. त्यांना बरं वाटावं म्हणून केलं, की मला काहीतरी केल्यासारखं वाटावं म्हणून, ते आज सांगता येत नाही. गाडीत घालेपर्यंत पट्टीवर तिसरी रेघ आली होती. वाशिमच्या वाटेवर त्यांनी एकदा विचारलं, “झाली ना पाचवी?” मी म्हणालो, झाली.

या तापावरची गोळी पहिल्या दोन दिवसांत पोटात गेली तर खरी कामाची. शुक्रवारी मी पिशवी उघडली तेव्हा ती गोळी माझ्या कपाटात होती. बाबा दवाखान्यात तीन दिवस होते. ऑक्सिजन लावला होता. गुरुवारी सकाळी गेले. अंगणवाडीच्या पेटीत पट्ट्या टाकायचा वार.

वस्तीत मागे राहिलेल्या एका म्हातारीकडून टोळीच्या मुकादमाचा नंबर मिळाला, पण फोन लागला तो बाबा गेल्यावरच. गजानन बायकोपोरांना घेऊन दुसऱ्या दिवशी पोहोचला. तोवर मी केंद्रात बसून वही काढली आणि दिवाळीपासूनचे त्या घराचे चार-चार चौकोन मोकळे केले. त्या पंधरवड्याच्या ‘चौघे बाधित’वर काट मारली आणि बाबांच्या नावापुढे ‘बाधित’ लिहिलं. साहेब म्हणाले, आता कशाला खोडाखोड करता, आकडे वर गेले आहेत. मी म्हणालो, गेले असतील तर खाली आणा. तीस वर्षांत साहेबाशी त्या आवाजात पहिल्यांदा बोललो. बोलायचंच होतं तर दोन महिने आधी बोलायला हवं होतं.

दहाव्याला मी वस्तीवर गेलो. रेखा येते म्हणाली होती, ऐन वेळी तिचा धीर झाला नाही. मी तिला दोष देत नाही. ती न बघता गप्प बसली, मी बघून गप्प बसलो.

गजानन भिंतीला टेकून बसला होता. डोकं तासलेलं, हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे. मी शेजारी खाली बसलो. नात आतून आली आणि चिठ्ठ्यांचे उरलेले गठ्ठे माझ्यापुढे ठेवून म्हणाली, “हे वापस द्या लागते काय?” मी म्हणालो, नाही. तरी तिनं ते उचलले नाहीत.

मग गजाननच खालच्या आवाजात म्हणाला, “सर, एक इचारू? बाबा वस्तीतल्या म्हातारीच्या फोनवरून सांगे, मी तुमच्या चौघाइचं करून राह्यलो, तुमी बिनघोर राहा, नाव कमी नाही होत. आता बाबा नाही, अन आमी बी इतं नव्हतो हे समद्याइले समजलं. आमचं नाव तं नाही जाणार ना रेशनच्या यादीतून?”

गाडीतून येताना मी ठरवलं होतं, काही बोलायचं नाही. बापानं आपलं नाव राखलं, एवढं त्याच्याकडे राहू द्यावं. पण तो इतक्या काळजीनं विचारत होता की मला खोटं बोलता आलं नाही. मी म्हणालो, “गजानन, ती रेशनची यादी नव्हती रे. कोणत्याच कामाची नव्हती. पट्ट्या नसत्या आल्या तर आम्ही फक्त दुसरं घर घेतलं असतं. तुमचं काहीच गेलं नसतं.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, नुसतं समजून घेत असल्यासारखं. आतमध्ये त्याच्या बायकोच्या हातातलं भांडं थांबलं.

“मंग बाबाले हे काहून नाही सांगतलं, सर? त्यायनं तुमाले इचारलं होतं म्हने.”

म्हणजे बाबांनी घरी जाऊन सांगितलं होतं. आपण काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, ते सगळं.

“घाईत होतो,” मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. मी जमिनीवर हात टेकून उठायला लागलो. तो आधी उठला आणि हात देऊन त्यानं मला उभं केलं.